‘पर्वतीय ओपॉसम’ नको, ‘रानगिरिका’ म्हणा

प्रश्न असा: चिलीतल्या ‘मोनितो देल मोन्ते’ या चिमुकल्या प्राण्याला मराठीत ‘पर्वतीय ओपॉसम’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. हे नाव सारखं कानावर येतं आणि त्यातले दोन्ही शब्द चूक आहेत. स्पॅनिशमध्ये ‘मोन्ते’ म्हणजे डोंगर, तसंच झाडाझुडपांनी भरलेलं, नांगर न लागलेलं रानही. इथे अर्थ रानाचाच: ‘रानातलं माकडू’. ‘ओपॉसम’ हा तर व्हर्जिनियातल्या पोव्हातान भाषेतला शब्द, मूळ अर्थ ‘पांढरं कुत्रं’ किंवा पांढरं जनावर. आपला प्राणी तपकिरी-करडा, वजनाला फार तर चाळीसेक ग्रॅम. शिवाय घोट्याच्या हाडांवरून संशोधक फ्रेडरिक सालाय यांनी १९८२ साली दाखवून दिलं, की याची सोयरीक अमेरिकी ओपॉसमांपेक्षा ऑस्ट्रेलियातल्या पिशवीवाल्यांशी (कांगारूसारख्या, पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवणाऱ्या प्राण्यांशी) जवळची आहे.

पण खरा ऐवज शास्त्रीय नावात आहे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी १८९४ साली नाव ठेवलं ‘ड्रोमिसिऑप्स ग्लिरॉइडिस’. ग्लिरॉइडिस म्हणजे ‘ग्लिस’सारखा, आणि लॅटिन ग्लिस म्हणजे डॉरमाउस, हिवाळाभर झोपणारा, उंदरासारखा कुरतडणारा युरोपी प्राणी. आपलं माकडूही शेपटीच्या बुडाशी चरबी साठवून थंडीत निजतं, बांबूच्या पानांच्या, आतून शेवाळ लावलेल्या घरट्यात.

या ‘ग्लिस’ शब्दाचा भाऊबंद अमरकोशात बसलाय: ‘गिरिका बालमूषिका’, म्हणजे गिरिका ही छोटी उंदरी. लॅटिन ‘ल’ला संस्कृत ‘र’ ही जोडी ओळखीची आहे; ‘लुक्स’ म्हणजे उजेड आणि आपला ‘रुच्’ बघा. फक्त एक घोटाळा टाळा. ग्लिसची षष्ठी ‘ग्लिरिस’, म्हणून तिथला ‘र’ गिरिकेच्या ‘र’शी जुळवायला जाऊ नका. तो दोन स्वरांमधल्या ‘स’चा झालेला ‘र’ आहे, ‘फ्लोस’चं ‘फ्लोरिस’ होतं तसा. गिरिकेचा ‘र’ जुळतो तो ‘ग्लि’मधल्या ‘ल’शी. गिरी म्हणजे डोंगर, त्याचाही इथे संबंध नाही. महाभारतातली गिरिका कोलाहल पर्वताची मुलगी, ती वेगळी.

काही व्युत्पत्तिकार हे नातं नाकारतात, कारण काय तर शब्द फक्त कोशांत सापडतो. हा आक्षेप लंगडा आहे. उंदराच्या पिल्लाचं नाव काव्यात कशाला येईल? घरगुती शब्द कोशकारांनीच तर जपले.

तेव्हा मराठीत ‘रानगिरिका’ म्हणा. झोपही आली, उंदराएवढा आकारही आला, आणि ‘मोन्ते’चं रानही जागच्या जागी राहिलं.