कोल्हापूर भागात तितर-लाव्यांच्या शिकारीला यायचं आहे, तिकडं ओळखीचं कुणी नाही. बेत कसा आखावा?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून दोघं मित्र डिसेंबरात चार दिवस येणार, सोबत एअरगन आणणार, आजोबा पूर्वी परवाना काढून जायचे म्हणून हौस आहे, आणि इथं कुठं जावं, कुणाची परवानगी काढावी हे माहीत नाही. परवानगीचं आधी सांगतो. ती मिळत नाही. तलाठ्याकडं नाही, रेंजरकडं नाही, ज्याचं रान आहे त्या शेतकऱ्यानं 'या खुशाल' म्हटलं तरी ती परवानगी होत नाही.

आजोबांची गोष्ट मात्र खरी असणार. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. सुरुवातीला त्यात शिकारीच्या परवान्याची सोय होती. 1991 सालच्या दुरुस्तीनं ती गेली. पुढं 2022 मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. साधी शिकार सापडली तरी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोरासारखा पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे कडक संरक्षणाच्या यादीतला पक्षी असेल किंवा अभयारण्याच्या हद्दीत बार काढला असेल, तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं, दंड पंचवीस हजारांपासून पुढं. वर गाडी आणि हत्यार जप्त.

एअरगनचा घोळ बऱ्याच जणांचा होतो. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणं 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि 20 जूलपेक्षा कमी जोराच्या एअरगनला लायसन लागत नाही, हे बरोबर. म्हणून लोक समजतात, हत्यार मोकळं तर पाखरूही मोकळं. कायदा हत्यार बघत नाही. छर्‍याची बंदूक, बेचकी, फास, जाळं, सगळं एकाच मापात. नेम चुकला तरी सुटका नाही, कारण शिकारीचा प्रयत्न म्हणजेही शिकारच. शेतीसंरक्षणाची बाराबोअर असलेला एखादा पाव्हणा भेटेल आणि 'माझ्या नावावर आहे, चला' म्हणेल. त्याच्यामागं जाऊ नका. तो परवाना बंदूक बाळगायचा असतो, चित्तूर (म्हणजे तितरच) मारायचा नसतो.

तुम्ही अमेरिकेतल्या व्हिडिओंचा उल्लेख केलाय म्हणून तेवढंच सांगतो. साउथ डकोटात फेझंटची (रानकोंबड्याच्या कुळातला पक्षी) शिकार चालते, पण तिथं परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, फक्त नर मारायचा, दिवसाला माणशी तीन, खासगी रानात मालकाला विचारून. आणि तो पक्षी तिकडं आशियातून नेऊन सोडलेला. तिथली रीत तिथं. इकडं तिचा उपयोग शून्य.

तरीही तुमचा बेत मोडू नका असंच मी म्हणेन. शिकारीच्या चार दिवसांतला बार हा मिनिटाचा खेळ असतो. बाकीचा सगळा वेळ पाखरू कुठं चरतं, पाण्यावर कधी येतं, कुठल्या बाभळीवर रात्र काढतं आणि गावातल्या कुणाला हे ठाऊक आहे, ते शोधण्यात जातो. ते सगळं जसंच्या तसं करा, फक्त खांद्याला बंदुकीऐवजी 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटरच्या भिंगाची) दुर्बीण अडकवा. पक्षी बघायला म्हणून येणारे लोक उलट ही शोधाशोधच विसरतात. गाडीतून उतरतात, दोन फोटो काढतात आणि 'काही दिसलं नाही' म्हणून परत जातात.

जिल्हा कसा आहे ते आधी डोक्यात बसवा. गगनबावड्याला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर शिरोळला जेमतेम 500 च्या आसपास. म्हणजे पश्चिमेला सह्याद्रीचं दाट रान, मध्ये भात, नदीकाठाला ऊसच ऊस, आणि पूर्वेकडं खडकाळ माळ नि टेकड्या. तुम्हाला हवे ते तितर आणि लावे पूर्वेला. पश्चिमेकडच्या दाजीपूरच्या जंगलात तितर शोधत फिरलात तर दिवस वाया जाईल. चार दिवस असतील तर दोन पूर्वेला, दोन पश्चिमेला असे पाडा.

पूर्वेला कुंभोजजवळचा बाहुबलीचा डोंगर, आळत्याच्या रामलिंगाची टेकडी आणि कागलकडचे माळ बघा. उजाडायच्या आधी पोचायचं, गाडी लांब लावायची आणि नुसतं ऐकायचं. तितर दिसण्याआधी ऐकू येतो. एकानं सुरुवात केली की दुसऱ्या बांधावरून उत्तर येतं, आणि दहा मिनिटांत माळावर कुठं कुठं जोड्या आहेत याचा नकाशाच हाताला लागतो. सूर्य पाठीशी घ्या, बांधाच्या कडेनं सावकाश चाला. तितर उडायला आळशी, पळण्यावर भर. मान वर काढून गवतातून तुरुतुरु जातो, जवळ गेलात तरच उठतो आणि पुढच्या झुडपात पडतो. रात्री तो काटेरी झाडावर बसतो, त्यामुळं संध्याकाळी एखाद्या बाभळीपाशी लांब बसून राहिलात तर जोडी वर चढताना दिसते.

लाव्याचं वेगळं. तो दिसत नाही, तुमच्या पायाखालून फुटतो. अक्षरशः बुटाच्या पुढं दोन वितींवर सहा-आठ लावे बसलेले असतात, मातीच्या रंगाचे, आणि एकदम फर्रर्र करून चहूकडं उधळतात. काळजात धस्स होतं. मग पंधरा-वीस मिनिटं जागचे हलू नका. पांगलेले लावे एकमेकांना बारीक शीळ घालून पुन्हा गोळा होतात, आणि तेव्हा ते उघड्यावरून चालत येतात. दुर्बिणीतून नराच्या अंगावरचे पट्टे मोजता येतील इतके निवांत.

डिसेंबरात ऊसतोड जोरात असते, त्याचा फायदा घ्या. फड तुटला की आत लपलेलं सगळं बाहेर पडतं. गायबगळे, कोतवाल, घारी तिथं आधीच हजर असतात. तोडणी चालू असलेल्या फडाच्या पलीकडच्या बांधावर बसा, पण तोडकऱ्यांच्या आणि गाड्यांच्या वाटेत नको. आणि फडातून बिबट्या निघायची शक्यता धरून चला, एकट्यानं उसात शिरू नका. रात्रीचं तर शेतात पाऊलच टाकायचं नाही. डुकरांसाठी काही जण चोरून तारेत वीज सोडतात. त्यात माणसं गेली आहेत.

आता ओळखीचं. तुमची खरी अडचण हीच आहे असं मला वाटतं. परक्या गावात जीप घेऊन दोन माणसं पहाटे माळावर फिरायला लागली की गाव बघतंच. लपून फिरण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी पारावर किंवा चहाच्या टपरीवर बसा. विचारणा होणारच:

'कुठलं गाव पाव्हणं? कुणाकडं आलाईसा?'

'पुण्याचे आम्ही, मामा. पाखरं बघायला आलोय. चित्तूर कुठं बोलतात इकडं?'

'बघायला? का...' आणि हाताची बंदूक करून दाखवतील.

तिथंच दुर्बीण काढून त्यांच्या हातात द्या. पुढचं आपोआप होतं. मामा स्वतः बघतात, मग पोरांना बोलावतात, आणि सकाळी शेरडं घेऊन जाणारा कुणीतरी तुमच्यासोबत येतो. मेंढपाळ आणि शेरडं राखणारे यांच्याइतका माळ दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतो. अर्धा दिवस मोडला तर त्याची हजेरी विचारून द्या, चहापाण्यावर भागवू नका. एखादा रात्री 'रानातलं मटण आहे, जेवायला या' म्हणेल, तर हात जोडायचे. शिकारीचं मांस विकत घेणं किंवा जवळ बाळगणं हाही गुन्हाच आहे. तांबडा-पांढरा कोंबडीचा खा, मटणाचा खा. लाव्याची चवच हवी असेल तर फार्मवरचा जपानी लावा मिळतो, पावती घ्या.

वाटेत रंकाळा, कळंबा आणि राजाराम तलावावर अर्धा-अर्धा तास थांबलात तरी हळदीकुंकू बदक, वारकरी, जांभळी पाणकोंबडी अशी मंडळी भेटतील. यासाठी वेगळा दिवस घालवायची गरज नाही.

पश्चिमेला राधानगरी-दाजीपूर. शिकारीचा वारसा बघायचा असेल तर तोही इथंच आहे. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटांवर सोडायचे, आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून आणले. कोल्हापुरातल्या न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं अजून आहेत, एक दुपार तिकडं काढा. दाजीपूर हेही संस्थानचं शिकारीचं रान होतं, ते 1958 साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, 1985 मध्ये वाढवून 351 चौरस किलोमीटरचं झालं, आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. हत्यार घेऊन आत शिरणं हाच मुळात गुन्हा, मग ते डिकीत बांधलेलं का असेना.

कोल्हापूरपासून दाजीपूर साधारण ऐंशी किलोमीटर, फोंडा घाटाच्या रस्त्यावर. पावसाळ्यात बंद असतं, डिसेंबरात उघडं. आत जायला प्रवेश फी, सोबत वाटाड्या, आणि गावातल्याच जीप भाड्यानं मिळतात. आपली गाडी आत न्यायचा हट्ट करू नका, सावराई सड्याकडची वाट त्यांच्या जीपलाच झेपते. मुक्काम राधानगरी किंवा दाजीपुरात करा, कोल्हापुरातून रोज ये-जा केलीत तर पहाट रस्त्यातच जाते. पेट्रोल आधी भरून घ्या, नकाशा मोबाईलवर उतरवून ठेवा, आत रेंज नसते. परतीचा प्रवास दिवसाउजेडी. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मागं दिव्याविना चालतात.

इथली 'शिकार' म्हणजे रानकोंबडा आणि चकोत्री. पहाटे जीपच्या वाटेवर चकोत्रीची जोडी वाळका पाला उकरत असते, तांबूस अंग, डोळ्याभोवती लाल कातडी. इंजिन बंद केलं आणि कुणी बोललं नाही तर ती पाच मिनिटंही वाटेवर राहते. कुणी दार आपटलं की संपलं. वर उंबरावर, वडावर राखी धनेश, मधल्या सावलीत कर्णा, ओढ्याकाठी शीळकरी कस्तुर. कर्णा बघायचा तर मान मोडेपर्यंत स्थिर उभं राहायला लागतं, तो तासभर एका फांदीवर पाठ करून बसू शकतो.

गव्याबद्दल एकच सांगतो. कळपापेक्षा एकटा नर जास्त धोक्याचा, आणि तो फोटोसाठी थांबलाय असं समजू नका. चंदगड-आजरा भागात जायचा विचार बदललाच तर तिकडं हत्ती फिरतात, निघण्यापूर्वी वनरक्षकाला विचारून घ्या. शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. तो गोचिडीतून येतो आणि जानेवारीनंतर जोर धरतो. त्या पट्ट्यात पूर्ण बाह्या, पँट मोज्यात, पाल्यावर बसायचं नाही. माळावर दगड उचलायची सवय असेल तर ती घरी ठेवा, फुरसं तिथंच असतं.

कॅमेरा आणणार असाल तर हेही वाचा. पक्ष्यांची अंडी किंवा घरटं हलवणं, नुकसान करणं हे कायद्यात शिकारीच्याच व्याख्येत येतं. मोबाईलवर नराचा आवाज वाजवून मादीला समोर आणायचा प्रकार हल्ली फार बोकाळलाय. मला तो फासकी लावण्यापेक्षा फारसा वेगळा वाटत नाही. वाटाड्या स्वतःहून वाजवायला लागला तर 'राहू द्या दादा' म्हणा.

फिरताना कुठं फास, जाळं किंवा छर्‍यानं पडलेलं पाखरू दिसलं तर हात लावू नका. जागेचा फोटो काढा आणि वनविभागाच्या 1926 या नंबरवर कळवा.

तारखा नक्की झाल्या की इथंच खाली लिहा. पौर्णिमेच्या आसपास येताय की अमावास्येच्या, आणि दोघांतल्या कुणाला डोंगर चढायला झेपत नाही का, तेही सांगा. त्यावरून बाहुबली आधी की दाजीपूर आधी ते ठरवता येईल.