मिशन रविवारी घरी पडून असशील तर

आपल्या गटात आल्यावर पहिल्याच वर्षी मिशन रविवार, म्हणजे चर्चच्या धर्मप्रसाराच्या आणि सेवेच्या कामासाठी पाळायचा दिवस, हुकला म्हणून तू हळहळतेयस, हे समजतं. पण अंगात ताप असताना पाड्यावर घरभेटींना जायचा हट्ट धरू नकोस. तिथे तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं असतात. त्यांना आपला आजार देणं ही सेवा नव्हे.

फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेजा आठव. पंधराव्या वर्षी कार्मेल या एकांतवासी नन्सच्या मठात गेली, ती 1897 साली चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. एकाही मिशन प्रदेशात तिचं पाऊल पडलं नाही. तरी दोन मिशनऱ्यांना ती पत्रं लिहायची, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, दुखण्यातही. 1927 मध्ये पोप पायस अकरावे यांनी तिला मिशनकार्याची आश्रयदाती ठरवलं. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने! मला हे फार मोलाचं वाटतं.

म्हणून गटाकडून आज भेट द्यायच्या घरांची नावं मागव आणि एकेक नाव घेऊन रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, म्हण. ताप उतरला की त्यातल्या एखाद्या एकट्या आजीला फोन कर. फादरांनाही कळव; आजाऱ्यांसाठी ते कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) घरी आणतात, त्यात संकोच कसला? पुढच्या भेटीला आपण दोघी बरोबर जाऊ.