ओहोटीची वेळ आणि ओटीवरचं पुस्तक

प्रश्न : वर्षभर घरात आजारपण आहे. समुद्र दहा मिनिटांवर आहे, पण वाळूत बसलं तरी डोक्यात घरचंच चालू राहतं. पूर्वी कादंबऱ्यांत बुडून जायचे, आता दोन पानांत लक्ष उडतं. काय करू? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आजाऱ्याजवळ राहणाऱ्या माणसाचे कान सतत हाकेकडे लागलेले असतात. ते एका संध्याकाळीत सुटत नाहीत, यात तुमचं काही चुकत नाही. नुसतं पाण्याकडे बघत बसलं की नजर रिकामी राहते आणि तिथे घर येऊन बसतं. म्हणून नजरेला काम द्या, आणि त्यासाठी ओहोटीला जा.

वेळ काढायला जुन्या माणसांची पाऊणकी अजून चालते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. षष्ठीला भरती साडेचारला, म्हणजे ओहोटी पावणेअकराच्या सुमारास. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासूनच मोजायचं, पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून खडकांवर जाणार असाल तर त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टकही बघा. आपल्या किनाऱ्याची एक मोठी सोय आहे: पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास येते, त्यामुळे पाणी सर्वांत लांब जातं ते सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे घरातून निघता येतं त्याच वेळेला. अष्टमीच्या आसपास, भांगाला म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, नेमकं उलटं. त्या दिवसांत खडकांकडे न जाता वाळूतच फिरा.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा. खडकातलं एकच डबकं निवडा. आपली सावली पाण्यावर पडणार नाही असं बसा, कारण सावली हलली की खेकडे कपारीत शिरतात. चार-पाच मिनिटं काही दिसत नाही आणि बहुतेक माणसं तिथेच उठतात. उठू नका. मग शंख चालू लागतो, त्यात खेकडा राहत असतो. मिटलेलं समुद्रफूल हळूहळू उघडतं. दगड उचललात तर होता तसाच परत ठेवा, उलटा राहिला तर खालचे जीव उन्हात सुकून मरतात. वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल. ती बारीक खेकड्यांची. वाळूच्या कणांवरचं खाणं काढून घेऊन उरलेल्या वाळूची गोळी ते बाजूला टाकतात; भरती ती सगळी पुसते आणि पुढच्या ओहोटीला नक्षी पुन्हा तयार असते. घरी आल्यावर वहीत तारीख, तिथी आणि पाहिलेल्या तीन गोष्टी लिहा, तीन ओळींत. महिन्याभराने ती वही चाळण्यासारखी होते.

जपायचं ते असं : खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांची धार ब्लेडसारखी असते, पायात मागे पट्टा असलेली चप्पल हवी. हिरव्या शेवाळावर पाय टाकू नका. पाणी वळलं की लगेच निघा. समोर लाट लांब दिसत असते, पण आधी भरते ती पाठीमागची घळ, आणि माणसं अडकतात ती तिथेच. पावसाळ्यात खडकांवर अजिबात नको.

आता पुस्तक. नवी, चारशे पानांची कादंबरी सध्या बाजूला ठेवा. पूर्वी आवडलेलं काहीतरी पुन्हा काढा. शेवट माहीत असला की मनाला धास्ती राहत नाही, आणि धास्तीच तर तुमच्याकडे जास्त झाली आहे. ज्यात स्वयंपाकघर आहे, अंगण आहे, भांडून पुन्हा एका पंगतीला बसणारी माणसं आहेत, असं कथानक निवडा. आजारपणाची गोष्ट कितीही चांगली असली तरी आता नको. रात्री अकराला अंथरुणात वाचू नका, थकलेले डोळे एकच परिच्छेद तीनदा वाचतात. समुद्रावरून आल्या आल्या, चहाबरोबर, ओटीवर दहा पानं पुरेत. प्रसंग रंगात असतानाच थांबा, म्हणजे उद्या पुस्तक आपणच हाक मारतं. फोनची घंटा चालू ठेवा, इंटरनेट बंद.

दोन आठवडे झोप किंवा भूक उडालेली असेल, कशातच राम वाटत नसेल, तर डॉक्टरांना भेटायलाच हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर कुठल्याही वेळी मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मुलीचं मन रमावं म्हणून तिला कासवांची पिल्लं दाखवायची आहेत. कधी जावं? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : मार्च-एप्रिल. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने हे संवर्धन सुरू केलं. दापोलीजवळ आंजर्ल्यालाही पिल्लं सोडतात. ऑलिव्ह रिडलेची मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि ती साधारण 45 ते 60 दिवसांत फुटतात. नेमका दिवस वाळूच्या उबेवर ठरतो. म्हणून एका सकाळीसाठी धावत जाऊ नका, दोन रात्री राहा, आणि पिल्लं न येण्याची शक्यता मुलीला आधीच सांगून ठेवा. फ्लॅश, बॅटरी नको: पिल्लं समुद्रावरच्या उजेडाकडे चालतात, दुसरा उजेड दिसला तर वाट चुकतात. हात लावू नये.

प्रश्न : पुस्तकांना बुरशी आणि कसर लागते. — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : खारी हवा ओल धरून ठेवते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पुस्तकं गच्च कोंबू नका. बुरशी आलेलं पुस्तक वेगळं काढून, पानं पंख्यासारखी उघडून सावलीत वाऱ्यावर सुकवा. कडक उन्हात पुठ्ठा वाकतो. पूर्ण सुकल्यावरच, नाकाला फडकं बांधून, अंगणात मऊ ब्रशने झाडा. ओलं असताना पुसलं तर डाग पानात मुरतो. कसरीसाठी प्रत्येक खणात वेखंडाची पुरचुंडी ठेवा आणि वास गेला की बदला. पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यात, सगळं कपाट एकदा रिकामं करा.