नैराश्यावरच्या गोळ्या पुन्हा सुरू करताना

घरात उरलेल्या जुन्या पाकिटातून थेट पूर्वीचा डोस घेऊ नका. मध्ये काही महिने गेले की शरीराची सवय मोडते. एकदम पूर्ण डोस पडला तर मळमळ, अस्वस्थता, झोप उडणं वाढतं आणि माणूस चार दिवसांत गोळीच सोडतो. म्हणून डॉक्टर बहुधा हळूहळू चढवतात: एस्सिटालोप्राम असेल तर ५ मिग्रॅ आठवडाभर, मग १०; सर्ट्रालिन असेल तर २५, मग ५०.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून न्या: आधी कोणती गोळी, किती मिग्रॅ, किती महिने, कशी बंद केली, काय त्रास झाला. मागे जिने गुण आला, सहसा तीच पुन्हा देतात. ट्रामाडॉलसारखं वेदनाशामक चालू असेल, किंवा पूर्वी कधी झोपेविना अतिउत्साहाचे दिवस गेले असतील, तर हे आवर्जून सांगा; त्यावरून औषधच बदलू शकतं.

मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर घ्या. हा त्रास साधारण २ आठवड्यांत ओसरतो, मन सावरायला मात्र ४ ते ६ आठवडे लागतात. हा मधला काळ फार अवघड असतो, खरंच. त्यात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले किंवा वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तेव्हाच डॉक्टरांना गाठा. घरातल्या एकाला हे आधीच सांगून ठेवा.