नवी भांडी, बंद मिकवे आणि पेसाह: वाचकांचे प्रश्न (2020 ची कोरोना टाळेबंदी)

टाळेबंदी लागल्यापासून माझा फोन एकाच विषयासाठी वाजतो आहे. पेसाहची, म्हणजे खमीर वर्ज्य असलेल्या आपल्या वल्हांडण सणाची, नवी भांडी घरात येऊन पडली आहेत; वापरण्याआधी ती विधीपूर्वक पाण्यात बुडवायची असतात (तेविला). सण सुरू होण्याची 8 एप्रिल 2020 ची संध्याकाळ तोंडावर आली आहे आणि जिथे बुडवायची त्या मिकवेला, म्हणजे धार्मिक कुंडाला, कुलूप. मी हझान (प्रार्थना चालवणारा) आहे, राव (धर्मगुरू, रब्बी) नाही. नियम काय आहे ते सांगतो. निवाडा आपापल्या रावांकडूनच घ्यावा.

प्लास्टिकचे डबे आणि मातीचा माठ बुडवावा लागतो का?

साधा, चकाकी नसलेला माठ असेल तर नाही. प्लास्टिकलाही बहुतेक राव नाही म्हणतात. धातू आणि काच मात्र बुडवायला हवीच. चिनी मातीबद्दल विचारून घ्या.

स्टीलच्या डब्यांवर दुकानातच नाव घालून घेतलं. आता तेविला होईल?

होईल. नावाचं सोडा, तळाला चिकटवलेला कंपनीचा कागद बघा. कागद निघतो, खालचा डिंक राहतो, आणि तिथे पाणी पोचत नाही. खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवा, मग घासा. बोट फिरवून पाहा, चिकट लागता कामा नये. कुकर असेल तर शिटी आणि रिंग काढून, झाकण वेगळं करून बुडवायचा.

बाथटबमध्ये गरम पाणी आणि सॅनिटायझर घालून भांडी बुडवली तर? आमच्या ग्रुपवर चालतं म्हणून आलंय.

ग्रुपवर येतं म्हणून हलाखा (यहुदी धर्मनियम) बदलत नाही. तेविला म्हणजे धुणं नव्हे. नवंकोरं, आरशासारखं लख्ख भांडंही बुडवावंच लागतं, कारण ते बिगर-यहुदी हातातून आपल्या घरात येतं. तोरातल्या गणना 31 मध्ये मिद्यानच्या लुटीतल्या भांड्यांबद्दल एलाजार याजक जे सांगतो, त्यातून हा नियम आला. त्यासाठी नैसर्गिक पाणी लागतं: समुद्र, झरा, किंवा साठलेलं पावसाचं पाणी, किमान 40 सेआ (जुनं माप). हे माप कोणी 330 लिटरच्या आसपास धरतं, कोणी 570 च्या. नळाने टबात भरलेलं पाणी त्यात बसत नाही, मग ते उकळा नाहीतर त्यात औषध घाला. जंतू मारायचे असतील तर साबण पुरे. ती वेगळी गरज आहे, तिची गल्लत इथे करू नका.

एक विक्रेता 'मिकवे झालेला पेसाह सेट, घरपोच' देतोय. किंमत जास्त आहे. घ्यावा का?

मला हा मेसेज तिघांनी पाठवला. माल बिगर-यहुदी दुकानदाराचा असताना कोणी तो दहादा बुडवला तरी उपयोग शून्य. भांडं तुमचं झाल्यावरच तेविला. विकणारा यहुदी असेल तर भांडं कोणी बनवलं, केव्हा बुडवलं, कोणी पाहिलं, हे विचारा आणि उत्तर रावांना कळवा. घाबरलेल्या लोकांकडून सणाच्या तोंडावर जादा पैसे उकळणं मला अजिबात पटत नाही.

(ठाण्याहून) वडील 76 वर्षांचे, मधुमेही. पहाटे पोलीस नसताना गाडीने समुद्रावर जाऊ म्हणतात. समुद्र तर मिकवेच ना?

समुद्र मिकवेच. मी स्वतः अलिबागच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहून, विरळ जाळीच्या पिशवीत वाट्या घालून बुडवल्या आहेत. तरी वडिलांना जाऊ देऊ नका. हात जोडून सांगतो.

'माणसाने या आज्ञा पाळून जगावं' असं तोरातल्या लेवीय 18:5 मध्ये आहे, आणि तलमूदाने (जुन्या रावांच्या चर्चांच्या ग्रंथाने) त्याचा अर्थ लावला की पाळून जगावं, मरावं नव्हे. जीव वाचवायला आपण शब्बाथची (शनिवारची) विश्रांती मोडतो, योम किप्पूरच्या उपवासाला आजाऱ्याला भरवतो. मग एका पातेल्यासाठी मधुमेही म्हातारा माणूस या दिवसांत बाहेर काढायचा? ही धार्मिकता नव्हे. पातेलं थांबू शकतं. जुन्या पेसाहच्या भांड्यांत भागतंय का, ते आधी बघा.

अगदीच नड असेल तर वाट शुल्हान आरूख या नियमग्रंथातच आहे: भांडं बिगर-यहुदी शेजाऱ्याला भेट द्यायचं आणि वापरायला उसनं मागून घ्यायचं. दारात ठेवा, ते घरात नेतील; दोन दिवसांनी उसनं आणा. पण भेट खरी हवी. शेजारणीने परत दिलं नाही तर भांडण्याचा हक्क तुम्हाला नाही, इतकी खरी. बऱ्याच रावांच्या मते ही तात्पुरती सोय आहे, म्हणून मिकवे उघडल्यावर काय करायचं तेही आत्ताच विचारून ठेवा. वडिलांना माझा नंबर द्या, मी बोलतो.

(इस्राएलमधल्या लोदहून) स्त्रियांचं मिकवे चालू आहे, तिथे ताटं बुडवू का?

नाही. तिथे गर्दी नको, आणि 25 मार्च 2020 पासून तुम्हाला घरापासून 100 मीटरचं बंधन आहे.

विजेची किटली?

पाण्यात घालण्याआधी रावांना फोन करा. मॉडेल सांगा.

गेल्या वर्षी घेतलेली कढई बुडवायची राहून गेली. वर्षभर वापरली. त्यातलं अन्न चाललं का?

भांडं बुडवलं नाही म्हणून अन्न निषिद्ध होत नाही. खाल्लंत ते खाल्लंत. पण वर्षभर मिकवे उघडं होतं, तेव्हा 'पुढच्या आठवड्यात' म्हणत राहिलात आणि आता बंद झाल्यावर घाई! शिवाय कढईत वर्षभर खमीर शिजलंय, त्यामुळे या पेसाहला ती तशीही चालणार नाही. आधी रावांना विचारून कोशेर (नियमाप्रमाणे वापरायोग्य) करायची, मग तेविला, हा क्रम उलटा करू नका. तोवर घासून, कागदात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवा आणि 'तेविला बाकी' अशी चिठ्ठी चिकटवा.