लेकरू कुणाबरोबर गेलं?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : माझी शाळा धारूर तालुक्यात आहे. दसरा-दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. त्याआधी मुलांच्या तस्करीबद्दल गावात कार्यक्रम घ्यावा असं मनात आहे. सरपंच म्हणतात, ‘‘गुरुजी, ही मुंबई-दिल्लीची भानगड. आपल्याकडं कोण पोरं पळवतंय?’’ उलट काही पालक म्हणतात, मोबाईलवर आलेले पोरं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवा. काय करू?
— एक शिक्षक, जि. बीड

उत्तर : गुरुजी, ते व्हिडिओ अजिबात दाखवू नका. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात असल्याच अफवेपायी जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी होते ते, भिक्षा मागून पोट भरणारे. अशा अफवांनी गावाची नजर अनोळखी माणसावर खिळते, आणि ओळखीचा माणूस दिवसाढवळ्या लेकरू घेऊन एसटीत बसतो.

सरपंचांचं म्हणणं तसं अर्धं खरं आहे. पळवत नाही कुणी, नेतात. आई स्वतः पिशवी भरून देते, बाप फाट्यापर्यंत पोचवायला जातो. मी मुख्यसेविका होते तेव्हा अंगणवाड्यांची रजिस्टरं तपासायचे. एखाद्या लेकराच्या मोठ्या बहिणीचं नाव काढलं की सेविका सांगायची, ‘‘ती मावशीकडं गेली.’’ मावशी सख्खी की मानलेली, कुणी विचारलेलं नसायचं. एकदा मी अशा एका पोरीच्या आईलाच बोलावलं. म्हणाली, ‘‘पुण्याला मॅडमकडं हाय. बाळ खेळवायला. जेवूनखाऊन पैसे देतेत.’’ पुण्यात कुठं? माहीत नाही. मॅडमचं आडनाव? माहीत नाही. फोन? होता की, पण नेणाऱ्याचा! आणि पहिले पैसे त्यानंच आणून दिले होते, म्हणून त्याच्यावर विश्वास. पोरगी अकरा वर्षांची.

आता कायदा काय म्हणतो ते गावाला सांगा, कारण हे फार थोड्यांना ठाऊक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 143 म्हणतं की राबवून घेण्यासाठी किंवा शोषणासाठी लेकरू नेताना, ते ज्याच्या ताब्यात आहे त्याला पैसे देऊन होकार मिळवला, तरी ती तस्करीच. म्हणजे ‘आईबापानं खुशीनं पाठवलं’ ही पळवाट बंद आहे. लेकराच्या होकारालाही किंमत नाही. अठराच्या आतलं लेकरू असेल तर शिक्षा दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत.

आणि ‘आपल्याकडं नाही’ म्हणणाऱ्यांना 2022 ची आठवण द्या. इगतपुरीकडची कातकरी लेकरं शेजारच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात मेंढ्या वळायला ठेवलेली सापडली, ती एका मुलीचा जीव गेल्यावर. बीडहून नगर जिल्हा किती लांब आहे, ते आष्टी-पाटोद्याच्या लोकांना विचारा.

मुकादम उचल, म्हणजे ऊसतोडीचे आगाऊ पैसे, वाटतो त्या दिवसांत कार्यक्रम घ्या. तेव्हा पुरुषमाणसं गावात असतात. मुकादमालाही बोलवा, पुढच्या खुर्चीत बसवा. वाईट वाटलं तर वाटू दे. भाषण नको. बायकांनाच विचारा : तुमच्या गल्लीतलं कुठलं लेकरू बाहेरगावी आहे? कुणाबरोबर गेलं? पगार कुणाच्या हातात येतो? त्याचा आवाज शेवटचा कधी ऐकला? बघा, सभा आपोआप गप्प होते की नाही. मग सरपंचांना सांगा, की ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष तुम्हीच आहात. (बऱ्याच सरपंचांना हे तिथंच कळतं.) शाळेपुरतं बोलायचं तर जाणाऱ्या प्रत्येक लेकराला शिक्षण हमी कार्ड (ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं) द्या आणि हजेरीपटात नुसतं ‘स्थलांतरित’ लिहून मोकळे होऊ नका. कुणाबरोबर, कुठं, कुणाचा नंबर, हे लिहा. आईबापाबरोबर ऊसाच्या फडावर गेलेल्या लेकराची काळजी वेगळी. ज्याचे आईबाप इथं आणि लेकरू तिकडं, त्याच्या नावाखाली लाल रेघ मारा.

1098 हा लेकरांच्या मदतीचा नंबर शाळेच्या भिंतीवर आहेच. पिठाच्या गिरणीवरही रंगवून घ्या, तिथं बायका उभ्या राहतात.

प्रश्न : ताई, माझी पुतणी चौदा वर्षांची आहे. दिरानं मुकादमाची उचल घेतली, ती फिटली नाही. आता एक ओळखीची बाई परराज्यातलं स्थळ घेऊन आली. लग्नाचा खर्च मुलाकडचे करणार, शिवाय उचलही भागवणार म्हणतात. मी बोलले तर घरात वाद होईल.
— नाव नको, ता. केज

उत्तर : बाई, हे स्थळ नव्हे, सौदा आहे. पैसे मोजून, फूस लावून लावलेलं अल्पवयीन मुलीचं लग्न 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 प्रमाणे मुळातच रद्दबातल ठरतं. पण लग्न लागायची वाट बघू नका. अशी लग्नं गावात लागत नाहीत. मुलीला ‘देवाला जाऊन येतो’ म्हणून रात्री गाडीत बसवतात, आणि मग तुमच्या हातात काही राहत नाही.

आजच 1098 ला फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, नाव सांगायची सक्ती नाही. गाडी दारात येऊन उभी राहिली असेल तर पोलिसांच्या मदतीसाठी 112. मुलीचं नाव, गाव, शाळा, त्या बाईचा नंबर आणि ठरलेली तारीख एका चिठ्ठीवर लिहून मगच फोन लावा, घाईत माणूस निम्मं विसरतं. तुमच्या गावचे ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. ते दिराच्या बैठकीतले असतील तर त्यांना वगळा, थेट बीडच्या बालकल्याण समितीकडं जा.

दीर चिडेल, बोलणं टाकेल, हे मी नाकारत नाही. उचलीचा फास त्याच्या गळ्यात आहेच. पण तो सोडवायची जबाबदारी पोरीवर कशाला? तिला कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात घालता येतं का ते शाळेत विचारा. राहणं, जेवण, शिक्षण फुकट, आणि आईबाप फडावर गेले तरी ती घरात एकटी राहत नाही.

प्रश्न : मूल नाही. एक जण तान्हं बाळ बाँडवर लिहून द्यायला तयार आहे, दवाखान्याचा खर्च म्हणून काही रक्कम मागतो. चालेल का?
— एक दांपत्य, लातूर

उत्तर : नाही. बाँड शंभराचा असो की पाचशेचा, बाळाची खरेदी-विक्री बाल न्याय अधिनियमाच्या कलम 81 खाली गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड, बाळ विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्यालाही. ते बाळ कुणाचं, आईला विचारलं तरी का, हे तुम्हाला माहीत आहे? दत्तकाची नोंदणी ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या पोर्टलवर होते. वाट बघावी लागते, खरं आहे. लातूरच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, फॉर्म भरायला मदत करतात. आणि त्या माणसाचा नंबर त्यांना देऊन या.