पीएसए वाढला, मग तो बंद करायची गोळी काहून नाही?

प्रश्न : आम्ही मानेवाड्यात राहतो, बाबा ६७ वर्षांचे आहेत. त्यांना लघवीला जळजळ होऊन राहिली होती म्हणून टेस्ट केल्या तर रक्तातला पीएसए ७.८ आला. लॅबमधल्या मुलानं सरळ सांगून टाकलं, "हा कॅन्सरचा एन्झाइम आहे", तेव्हापासून आई धड जेवून नाही राहिली. शेजारच्या काकूंना ब्लड कॅन्सर आहे, सीएमएल म्हणतात तो, त्या रोज गोळी घेतात अन् ती एन्झाइम बंद करते म्हणे, मस्त हिंडतात-फिरतात. मग बाबांचा पीएसए बंद करायची गोळी काहून नाही?

उत्तर : आधी आईंना जेवायला बसवा. पीएसए हा एन्झाइम, म्हणजे शरीरातली कामं घडवणारं प्रथिन, आहे हे खरं, पण तो कॅन्सरचा नाही, प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा आहे, धडधाकट माणसातही बनतो अन् वीर्य पातळ ठेवायचं काम करतो. त्यातला थोडासा रक्तात झिरपतो. वयानं प्रोस्टेट वाढली, इन्फेक्शन झालं, कॅथेटर (लघवीची नळी) टाकला तरी जास्त झिरपतो, आणि कॅन्सरमध्येही. पीएसएची ४ ची रेषा डॉक्टरांनी सोयीसाठी आखलेली आहे, तिच्यावर असलेल्या पुष्कळ लोकांना कॅन्सर निघत नाही आणि खाली असलेल्या काहींना निघतो. बाबांना तर जळजळ होती, म्हणजे आधी लघवीचं कल्चर (जंतू आहेत का बघायची टेस्ट), इन्फेक्शन असेल तर पूर्ण इलाज, मग सहा-आठ आठवडे थांबून पुन्हा पीएसए. तरी वरच राहिला तर तपासणी, एमआरआय, गरज वाटली तर बायोप्सी, म्हणजे प्रोस्टेटचा बारीक तुकडा काढून तपासणं. कॅन्सर आहे की नाही हे बायोप्सीच सांगते, लॅबच्या काउंटरवर ते ठरत नाही.

आणखी एक, बाबा प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेतात का? घेत असतील तर डॉक्टरांना नक्की सांगा, कारण काही महिने ही गोळी घेतली की पीएसए साधारण निम्मा दिसतो, म्हणजे ७.८ चा अर्थच बदलतो.

आता गोळीचं. तुमचा हा प्रश्न मला फार आवडला. गच्चीवरची टाकी भरून पाणी रस्त्यावर वाहून राहिलं तर आपण रस्ता पुसत बसत नाही, मोटर बंद करतो. पीएसए हे रस्त्यावरचं पाणी आहे, त्याला अडवून कॅन्सर थांबत नाही. काकूंच्या आजारात मात्र एन्झाइम हीच मोटर आहे. सीएमएलमध्ये ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होतात, त्यातून एक जोडजीन तयार होते अन् तिच्यापासून बनणारा टायरोसिन कायनेज हा एन्झाइम कायम चालूच राहतो, पेशींना वाढा वाढा म्हणत राहतो. इमॅटिनिब ही सीएमएलची गोळी नेमकी त्याच्या खाचेत जाऊन बसते आणि त्याचं काम थांबवते. २००१ मध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. आपल्याकडे २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ही गोळी आणणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला म्हणून दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त जेनेरिक गोळीची वाट मोकळी राहिली, नाहीतर साध्या घरांना हा इलाज झेपला नसता, हे मला फार मोलाचं वाटतं.

प्रोस्टेट कॅन्सरलाही मोटर असते, पण ती वेगळी. हा कॅन्सर बहुतेक वेळा टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो आणि ते बनवायला सीवायपी-१७ नावाचा एन्झाइम लागतो, तो अडवणारी अबिरॅटेरॉन ही गोळी आहे, पसरलेल्या आजारात देतात. ती लागू पडतेय का हे बघायला डॉक्टर काय मोजतात माहीत आहे? पीएसएच. पण बाबांसाठी ही गोष्ट आज फार लांबची आहे.

आधी कल्चर करा, चालू गोळ्यांची यादी अन् जुने रिपोर्ट घेऊन सुपरच्या, म्हणजे सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलच्या, युरोलॉजी (लघवीच्या आजारांच्या) ओपीडीत दाखवा. आणि काकूंना माझा निरोप द्या, बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी सोडू नका, मोटर पुन्हा सुरू होऊ शकते.